मंगलाला किडनी द्यायची होती आणि काटा हलत नव्हता

माझं नाव सुभाष. सुरतेजवळ कडोदऱ्याला एका लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मास्तर आहे. शाळेतला मास्तर नव्हे, बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. गाव अमळनेरकडचं, पण इकडे येऊन निम्मं आयुष्य झालं. डायलिसिसच्या दारात आमच्यासारखी बरीच माणसं बसलेली मी पाहिली. त्यांतल्या काहींना डॉक्टरांनी मला सांगितलं तेच सांगितलं होतं, आधी वजन उतरवा, मग बघू. वजन उतरतंही. मग एक दिवस उतरायचं थांबतं. त्या थांबलेल्या दिवसांबद्दल मला आधी कोणी काही बोललं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसलो.

तो दिवस

आजार मंगलाचा, माझ्या बायकोचा. ती घरीच मशीनवर साड्यांना लेस लावायची. पायांवर सूज यायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं, बसून बसून येत असेल. मग चप्पल मावेना. मग जेवणाचा वास नको झाला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं आणि रिपोर्ट बघून चिठ्ठी लिहिली, सुरतेला मोठ्या दवाखान्यात जा, आजच जा.

किडनीच्या डॉक्टर म्हणजे एक पन्नाशीच्या बाई. गुजराती, पण हिंदीतून हळूहळू समजावून सांगणाऱ्या. दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या आहेत, डायलिसिस सुरू करावं लागेल, असं त्या म्हणाल्या. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मंगलाने मात्र पदर नीट केला आणि विचारलं, "मुलीची परीक्षा होईपर्यंत थांबता येईल का?"

बाईंनी मान हलवली. "आज ही करना है, बेन."

कोमल, आमची मुलगी, तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने त्या दवाखान्याच्या बाकावर बसून अभ्यास केला आणि पासही झाली. पण ते नंतर.

मशीनचे दिवस

एक दिवसाआड डायलिसिस. सकाळी कडोदऱ्याहून निघायचं, मंगलाला आत सोडायचं, बाहेर बसायचं. आत ओळीने खाटा आणि प्रत्येक खाटेशी एक मशीन. दाराच्या काचेतून मंगलाचे पाय दिसायचे. पाय हलले की मला बरं वाटायचं.

घरी दोन पथ्यं आली. मंगलाची भाजी उकळून, पाणी काढून टाकून करायची. पिण्याचं पाणी मोजून. ती बर्फाचा खडा तोंडात धरून दुपार काढायची. चहा सोडायला तिला जड गेलं नाही, पण पाण्याचं स्वप्न पडतं, असं ती एकदा म्हणाली. गावच्या विहिरीवर उभी आहे आणि दोर सापडत नाही.

किडनी कोण देणार? तिच्या आईचं वय झालेलं, भावाला साखरेचा आजार. मी म्हणालो, माझी तपासा. तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला. बाईंनी माझे रिपोर्ट टेबलावर मांडले आणि हसल्या. "किडनी तो फर्स्ट क्लास है." मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "आटला वजने ऑपरेशन ना थाय, भाई."

इतक्या वजनावर त्या ऑपरेशन करणार नव्हत्या. साखरही सीमारेषेवर होती. आज किडनी काढली आणि उद्या मलाच आजार लागला तर घरात दोन रोगी होतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. माझं वजन तेव्हा शंभराच्या वर. पंच्याऐंशीच्या आत या, मग पुढचं बोलू.

आजारी ती होती आणि औषध मला घ्यायचं होतं, असं झालं.

सुरुवात सोपी होती

मी जाड का झालो, याचं गूढ काही नव्हतं. रात्रपाळी करून सकाळी सुटलो की गाडीवर लोचो, म्हणजे वाटलेल्या डाळीचा वाफवलेला लगदा, वर तेल आणि शेव भुरभुरून. खात्यात चहा येईल तितक्या वेळा, गोड. घरी दुपारी भरपेट जेवून झोप. माय, म्हणजे माझी आई, गावाहून आली की रविवारी शेवभाजी करायची. तिच्या रश्श्यावरची तर्री बघूनच पोट भरायचं, तरी मी तीन भाकरी खायचो.

दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या बेनने मला पथ्य लिहून दिलं. साखर बंद, तळलेलं बंद, भाकरी कमी, भाजी-डाळ जास्त, पाणी भरपूर. रोज चालायचं. मी कॅनॉलच्या काठाने चालायला लागलो. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या अशा भरून आल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. पण वजन उतरलं. भराभर उतरलं.

आमच्या खात्यात सुताची बाचकी तोलायचा मोठा काटा आहे. दर सोमवारी मी त्याच्यावर उभा राहायचो. कारागीर गोळा व्हायचे. "मास्टर, कितना?" मी आकडा सांगितला की टाळ्या. पँटी ढिल्या झाल्या. शेठ स्वतः येऊन म्हणाले, "सुभाषभाई, तमे तो हीरो जेवा लागो छो." मंगलाला हे सांगितलं तर ती डायलिसिसच्या खाटेवर खुदकन हसली, आणि शेजारच्या खाटेवरच्या आजी विचारायला लागल्या, काय झालं?

पाण्याची मात्र मला लाज वाटायची. मला भरपूर प्यायला सांगितलेलं, तिला मोजून. मी तिच्यासमोर तांब्या उचलत नसे. मोरीत जाऊन, नळ सोडून, त्या आवाजात गटागट प्यायचो. एके दिवशी ती दारात येऊन उभी राहिली.

"अहो, चोरून काय पिता? इथे बसून प्या."

"तुला तहान लागेल."

"ती लागलेलीच आहे. तुम्ही पिताना बघितलं की बरं वाटतं. सावकाश प्या, घसा हलताना दिसू द्या."

मग मी तिच्यासमोर बसून प्यायचो आणि ती बघायची.

काटा थांबला

ब्याण्णववर काटा अडकला.

पहिल्या सोमवारी वाटलं, काट्यावर काहीतरी राहिलं असेल. दुसऱ्या सोमवारी चप्पल काढून उभा राहिलो. तिसऱ्या सोमवारी शर्ट काढला. पुढे महिना गेला, दुसरा लागला, आकडा तोच. एकदा तर थोडा वर. कारागिरांनी विचारायचं सोडून दिलं. मी काट्याकडे निघालो की ते आपापल्या लूमकडे वळायचे. ते मला टाळ्यांपेक्षा जास्त ऐकू यायचं.

पथ्य तेच होतं, चालणं तेच होतं, उलट वाढवलं होतं. ज्याचं वजन असं अडकलंय त्याला मी काय म्हणतो ते कळेल. काही चुकलं असेल तर माणूस सुधारेल. काहीच चुकत नसताना चुकतंय, याला काय करायचं?

आणि माझ्यामागे मशीन सुरू होतं. मंगलाच्या हातावरची शीर फुगून दोरासारखी झाली होती. एकदा डायलिसिस चालू असताना तिचं बीपी इतकं उतरलं की सगळ्या नर्सा धावल्या. बाहेर काचेशी उभं राहून मी माझंच पोट चिमटीत धरलं होतं. वाटत होतं, हे एवढं मांस मध्ये आहे, नाहीतर ती आज या मशीनवर नसती.

मग मी मनानेच पथ्य कडक केलं. रात्रीचं जेवण बंद. मोबाइलवर जे दिसेल ते करून पाहिलं. जिऱ्याचं पाणी, दुधीचा रस, एक दिवस नुसती पपई. कॅनॉलवर एकाऐवजी दोन फेऱ्या. रात्रपाळी चालूच. घरी आलो की चिडचिड. कोमलने वरणात चमचा जोरात आपटला तरी मी ओरडायचो.

एके दुपारी भाजीवर मला तेलाचा तवंग दिसला. माय तेव्हा आमच्याकडेच होती, मंगलाला उभं राहवत नव्हतं म्हणून स्वयंपाक तिच्याकडे होता. मायला माझी किडनी देणं पसंत नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी ताट सरकवलं. "माय, तू तेल टाकतेस. माझं वजन उतरू नये असंच तुला वाटतं."

माय चुलीपासून, म्हणजे गॅसपासून, वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता.

"मनी इच्छा नही, हाई खरं शे," ती म्हणाली. माझी इच्छा नाही, हे खरं. "पन तेल मी नही टाकं. तू सांगं तसंच रांधं मी."

तो तवंग मेथीच्या भाजीवरच्या पाण्याचा होता. मी बोट बुडवून बघितलं. माय आत निघून गेली, आणि मंगला पलंगावरून म्हणाली, "आता तरी जेवा. त्यांनी किती वेळ लावून निवडली ती भाजी."

लूमखाली

थोड्याच दिवसांनी, एका लूमखाली वाकून बोल्ट कसत होतो. उठलो आणि डोळ्यांसमोर काळं झालं. शेजारचा लूम चालू होता. प्रधान नावाचा आमचा ओडिया कारागीर मागे होता, त्याने कॉलर धरून मागे खेचलं नसतं तर माझा हात धोट्याच्या वाटेत गेला असता. जमिनीवर बसवून त्याने मला पाणी दिलं आणि सकाळपासून काय खाल्लं ते विचारलं. मी म्हणालो, जिऱ्याचं पाणी.

"मास्टर," तो म्हणाला, "भाभी को किडनी चाहिए. तुम्हारा लाश नहीं चाहिए."

त्याच आठवड्यात मी आहारवाल्या बेनकडे गेलो. यायला उशीर का केला, म्हणून तिने झापलं. मी सगळं सांगितलं, दुधीच्या रसापासून. तिने कपाळाला हात लावला. कडू निघाला तर तो रस घातक असतो, आणि किडनी देणाऱ्या माणसाने असले उद्योग मुळीच करायचे नाहीत, हे सांगून झाल्यावर ती जरा शांत झाली.

"जुओ भाई, ओछुं मळे तो शरीर पण कंजूस थई जाय." कमी मिळालं की शरीरही कंजूष होतं. आहे तेवढ्यात भागवायला शिकतं. वजन उतरताना मध्येच असं थांबणं बहुतेकांना येतं, त्यात माझं काही चुकलेलं नव्हतं. चुकलं ते घाबरून केलं ते.

मला वाटलं, आता हिच्याकडून अजून कडक पथ्य मिळेल. तिने खायला वाढवलं! सकाळी उकडलेली अंडी किंवा मूग, दुपारी डाळ वाढवून, रात्रीचं जेवण चुकवायचं नाही. नुसतं चालू नका, थोडं वजन उचला, जोर-बैठका काढा, आणि झोप नीट घ्या. रात्रपाळी सोडता येते का बघा. शेवटचं म्हणजे, काट्यावर चढू नका. मी बोलावेन तेव्हाच.

शेठने पाळी बदलून दिली. किती वर्षांनी रात्री घरात झोपलो ते आठवेना. पहिल्या रात्री झोपच येईना, मंगलाच घोरत होती. नंतर मात्र मी असा झोपायला लागलो की कोमल म्हणायची, "पप्पा, तुमचा आवाज खाली रिक्षास्टँडपर्यंत जातो."

खाणं वाढवताना भीती वाटत होती. प्रत्येक अंड्याबरोबर वाटायचं, हे मंगलाच्या वाट्याचे दिवस मी खातोय. पण ती समोर बसून म्हणायची, "पिवळं टाकू नका, संपवा." गच्चीवर सुताच्या रिकाम्या कोनांत वाळू भरून मी ते उचलायचो. शेजारची गुजराती काकी कपडे वाळत घालताना हसायची.

करदोडा

काटा बंद होता, त्यामुळे काय चाललंय ते मला कळत नव्हतं. ते कळलं मायला. मी नळाखाली आंघोळ करून टॉवेलवर बाहेर आलो. कमरेचा काळा करदोडा, जो माझ्या पोटात रुतून असायचा, तो सैल होऊन खाली घसरला होता.

माय तांदूळ निवडत होती. ती उठली, जवळ आली, करदोड्यात दोन बोटं घालून बघितली. मग चार.

"सुभ्या, हाऊ त ढिला व्हयना रे."

मग आतून दोरा आणला, जुना करदोडा काढला आणि नवा बांधला. मी अजून सडपातळ व्हावं, असं तिला वाटत नव्हतं. पण माझं काम पुढे सरकलंय, हे ती आपल्या तोंडाने मला सांगत होती. मी वाकून तिच्या पाया पडलो, तर म्हणाली, "पानी पडी राह्यनं, आंग पुसी ले पहिले."

बेनने बोलावलं तेव्हा वजन थोडंच उतरलं होतं, पण उतरलं होतं. कंबर बरीच कमी. साखर खाली आली होती. पुढे वजन पहिल्यासारखं भराभर नाही, हळूहळू गेलं. मध्ये अजून एकदा थांबलं. या वेळी मी जेवत राहिलो. मंगलाला सांगितलं, "थांबलंय." ती म्हणाली, "थांबू द्या. कंटाळलं की चालेल."

चाललं.

ऑपरेशन

मंजुरीसाठी समितीपुढे उभं राहावं लागतं. आम्हा दोघांना वेगवेगळं विचारलं, कोणाची जबरदस्ती तर नाही ना. मायलाही आत घेतलं. एक साहेब तिला म्हणाले, "माजी, आपको मंजूर है?" मायला हिंदी कळते, बोलता येत नाही. ती म्हणाली, आणि कोमलने ते हिंदीत सांगितलं, "माझ्या पोराने सगळ्यांच्या देखत एवढं अंग झिजवलं. आता मी नाही म्हटलं तर त्याचे ते कष्ट कुठे ठेवू?"

आत जायच्या दिवशी मंगलाने माझा हात धरला आणि काहीतरी मोठं बोलेल असं वाटलं. ती म्हणाली, "दुखलं तर सांगा नर्सला, सहन करत बसू नका. तुम्हाला सवय आहे."

दुखलं. कुशीवर वळता येईना. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची. दोन दिवस मला वाटत होतं, मी उगाच शूर झालो. तिला वेगळ्या खोलीत ठेवलेलं, तिथे जायची मनाई. तिकडून एक केरळची नर्स आली आणि अंगठा दाखवून म्हणाली, "पेशाब चालू. बहुत सारा." म्हणजे माझी किडनी तिच्यात चालू झाली होती; त्याहून चांगली बातमी मला आजवर कोणी दिलेली नाही. मी उशी धरूनच हसलो आणि टाक्यांना ताण पडला.

पुढे काचेतून तिला बघायला मिळालं. तोंडाला मास्क. तिने खाटेशेजारची बाटली उचलली, मला दाखवली, मास्क खाली करून प्यायली. डॉक्टरांनीच तिला आता भरपूर प्यायला सांगितलं होतं. मी कोमलला म्हटलं, बघ, घसा हलतोय बघ. कोमल रडत होती, तिला काही दिसलं नसावं.

आता

आता बरं आहे. मंगलाच्या गोळ्या आयुष्यभर आहेत, बाहेरचं खाणं नाही, गर्दीत मास्क. मी कामावर परत गेलो, जड उचलायचं सुरुवातीला टाळलं. वजन मधूनमधून वर सरकतं, कधी महिनाभर एका जागी बसतं. मी बसू देतो. रविवारी अर्धी वाटी शेवभाजी खातो, तर्री बाजूला सारून.

ज्यांचा काटा अडकलाय त्यांना माझं एवढंच सांगणं, घाबरून जेवण तोडू नका. ज्यांनी पथ्य दिलंय त्यांच्याकडे परत जा, लाज सोडून जा. घरातल्या माणसांना कारण सांगा, नाहीतर ती तुमचा राग खात बसतात.

माय गावी गेलीच नाही. शेती काका बघतात, मी इथेच राहते, म्हणाली. गेल्या आठवड्यात मी कामावरून आलो तर घरात आवाज चढलेला. मंगलाने पाण्याची बादली उचलली होती आणि माय तिच्या हातातून ती ओढत होती.

"ठेव ती बादली! मना पोऱ्यानी किडनी शे तुना पोटमा. आते तू मनी पोर व्हयनी, मी सांगसू ते ऐकनं पडी."

मंगलाने बादली सोडली. मला वाटलं, आता हिचे डोळे भरून येणार. ती पाटावर बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "बरं, माय. मग आजपासून लेक माहेरी आली. भाकरी तुम्ही टाका."

मायने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पिठाचा डबा पुढे ओढला.